पहिल्या पत्त्याचे टिपणीस

परवा सीवूड्सच्या मॉलमध्ये जुन्या ऑफिसातला एक जण भेटला. इकडचं तिकडचं झालं आणि म्हणाला, "टिपणीस सरांसारखा माणूस पुन्हा होणे नाही." मी म्हटलं, "होऊही नये." त्याला वाटलं मी गंमत करतेय. डोंबलाची गंमत! घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं, म्हणजे माझ्यासमोर कुणी पुन्हा त्या माणसाची आरती ओवाळायला नको.

महाप्याला आमची कंपनी होती. दुसरा मजला, खाली पुठ्ठ्याचे खोके बनवायचा कारखाना, त्याच्या डिंकाचा वास दिवसभर वर. आम्ही कोल्ड स्टोरेजवाल्यांसाठी यंत्रणा बनवायचो. गारठ्याच्या खोल्यांमध्ये छोटे डबे बसवायचे, डब्यांनी आतलं तापमान मोजायचं आणि त्यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला कळवायचं. तापमान चढलं की कॉम्प्युटरने बोंब मारायची. एवढंच काम. जयेशभाई मालक, टिपणीस टेक्निकल हेड आणि मी टेस्टर. टेस्टर म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. कराडला माहेरी हे काम मी फुकट करायचे.

टिपणीस दिसायला एकदम रुबाबदार. उंचेपुरे, केस मागे वळवलेले, शर्ट खोचलेला, खिशाला दोन पेनं. कीबोर्डला हात लावायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढायचे, रुमालाने पुसायचे आणि मॉनिटरच्या बाजूला ठेवायचे. नवीन पोरं श्वास रोखून बघत राहायची, की आता सर काहीतरी जबरदस्त करणार. मग सर दोन बोटांनी टाइप करायचे. मधे एखादं अक्षर सापडलं नाही तर कीबोर्डलाच दम द्यायचे.

सीवूड्सला त्यांचा खाडीकडे तोंड असलेला फ्लॅट होता. "आमच्या गॅलरीतून फ्लेमिंगो दिसतात," हे वाक्य ते कुठल्याही विषयात घुसवू शकायचे. काम वेळेत झालं नाही, तर फ्लेमिंगो बघा कसे ठरल्या महिन्यात येतात. कुणी पगारवाढ मागितली, तर फ्लेमिंगो बघा, एका पायावर उभे, पण तक्रार आहे का? मी एकदा म्हटलं, "सर, त्यांना हप्ते नसतात." तेव्हापासून मी त्यांच्या काळ्या यादीत. मला 'मॅडम' म्हणायचं त्यांनी सोडलं, मी 'जाधवबाई' झाले.

पण त्यांचं खरं तत्त्वज्ञान वेगळंच होतं. "पहिलं तेच खरं." यादी कसलीही असो, हा माणूस ती वाचायचाच नाही. वरचं उचलायचं आणि चालू पडायचं. कॅन्टीनच्या फळ्यावर सगळ्यात वर जे लिहिलेलं असेल ते मागवायचे. एकदा वर लिहिलं होतं, 'हात धुवून बसावे'. हे फळ्याकडे पाठ करून म्हणाले, "वरचं जे काय आहे ते एक प्लेट." मी हे रचून सांगत नाही, वाढणारा आण्णा अजून तिथे आहे, विचारा त्याला. नोकरीसाठी अर्ज आले की गठ्ठ्यातला वरचा माणूस घ्यायचे. "निवडत बसतो तो घाबरट असतो, जाधवबाई. निर्णय घ्यायला छाती लागते." लग्नाचंही तेच. "एकदाच कांदेपोहे खाल्ले, विषय संपवला!" हे ते अभिमानाने सांगायचे. त्यांच्या बायकोला मी एकदाच भेटले, ऑफिसच्या सत्यनारायणाला. मी ते पोह्यांचं बोलले तर वहिनी म्हणाल्या, "हो, मी यांना पहिलीच होते. मला मात्र हे आठवे." आणि माझ्या हातावर शिरा ठेवून पुढे गेल्या. बाई मला फार आवडली.

हे सगळं खाण्यापिण्यापुरतं राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण माणसाने ते प्रोग्रॅममध्ये घातलं होतं.

आता थोडं कॉम्प्युटरचं सांगते, घाबरू नका. कॉम्प्युटरला दुसऱ्या यंत्रांशी बोलायचं तर पत्ता लागतो. लोकांना वाटतं, एका मशीनला एकच पत्ता. तसं नसतं. केबलचा वेगळा, वायफायचा वेगळा, मशीनने स्वतःशीच बोलायचा असतो तो वेगळा. कुणी आणखी काही जोडलं की त्याचा आणखी एक. प्रोग्रॅममधून विचारलं की मशीन या सगळ्यांची यादी हातात देतं. पण त्यात आधी कोण आणि नंतर कोण याचा काही भरवसा नाही. आज हा वर, उद्या तो. म्हणून ती यादी पूर्ण चाळायची असते आणि आपल्या कामाचा पत्ता त्यातून शोधायचा असतो. आमचा प्रोग्रॅम सुरू झाला की त्याला हेच करायचं होतं. आपला पत्ता काढायचा आणि खोल्यांमधल्या डब्यांना कळवायचं, 'बाबांनो, तापमान या पत्त्यावर पाठवा.'

टिपणिसांनी काय केलं असेल? यादी मागवली आणि पहिला पत्ता उचलला.

आणि त्यांच्या मशीनवर ते बिनचूक चालायचं! का नाही चालणार? त्यांचं मशीन म्हणजे पुराणवस्तू. त्याला वायफाय नाही, काही नाही, मागे एक केबल, बस्स. उचलण्यासारखा पत्ताच एक, आणि तोच नेमका वर. जयेशभाईंनी दर दिवाळीला नवा लॅपटॉप पुढे केला आणि यांनी दर दिवाळीला नकार दिला. "माझं मशीन मला ओळखतं." मी चुका लिहून द्यायचे तेव्हा उत्तर ठरलेलं: "माझ्या मशीनवर चालतंय." अहो, ग्राहकांकडे तुमचं मशीन नाहीये ना!

वाशीला एका आइस्क्रीमवाल्याकडे आम्ही यंत्रणा दाखवायला गेलो होतो. डबे बसवले, कॉम्प्युटर जोडला, जयेशभाईंनी कोट घातलेला. प्रोग्रॅम सुरू केला तर पडद्यावर शुकशुकाट. एक आकडा येईना. झालं असं होतं की त्या बनावटीच्या मशीनवर यादीत पहिला पत्ता स्वतःशी बोलायचा होता. प्रोग्रॅमने तोच सगळ्या डब्यांना देऊन टाकला. 'स्वतःला सांगा' म्हटल्यावर प्रत्येक डबा इमानदारीत आपलं तापमान आपल्यालाच सांगत बसला. टिपणीस त्या आइस्क्रीमवाल्याला म्हणाले, "अतिथंडीत यंत्र थोडं बावरतं." कॉम्प्युटर बाहेर होता, पंख्याखाली! ऑफिसात आल्यावर यांनी प्रोग्रॅममध्ये सुधारणा केली. पहिला पत्ता स्वतःशी बोलायचा असेल तर दुसरा घ्यायचा. केवढी ही विचारांची झेप!

त्यातून आमच्याकडे एक विधी सुरू झाला. ग्राहकाकडे गेलं की आधी मशीनचं सगळं काढायचं. वायफाय बंद, प्रिंटर काढा, जे जे लटकतंय ते काढा. एक केबल ठेवायची, प्रोग्रॅम सुरू करायचा, डब्यांना पत्ता पोचला की मग एकेक वस्तू परत जोडायची. टिपणिसांनी याला नाव दिलं होतं 'शांती'. "आधी शांती करा, मग प्रोग्रॅम." शिकलेसवरलेले इंजिनियर मान डोलवायचे आणि शांती करायचे. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा, ही शांती कशाची.

विचारलं ते जागृती घरतने. ही उलव्याकडच्या गावातली, आई बाजारात मासळी घेऊन बसायची, पोरगी इंजिनियर. हाताने जलद आणि तोंडाने माझ्यासारखीच. प्रोबेशनवर होती. आठवडा झाला नसेल, सरळ टिपणिसांच्या टेबलापाशी गेली.

"सर, ही शांती कशाला करायची?"

"अनुभव," टिपणीस म्हणाले.

"पन सर, मशीन यादी देतंय ना. ती पूर्न वाचली तर शांती लागनारच नाय."

टिपणिसांनी खुर्ची मागे घेतली. "'पण' म्हणा. 'पूर्ण' म्हणा. 'लागणारच नाही' म्हणा. मग पुढचं बोलू."

मला वाटलं आता ही रडेल किंवा भांडेल. तिने दोन्ही केलं नाही. तेच वाक्य, एकेक शब्द सुटा करून, बातम्या दिल्यासारखं परत म्हटलं. टिपणीस खूश झाले. म्हणाले, "छान. भाषा सुधारली. आता त्या कोडला हात लावायचा नाही."

तिने लावला. आपल्या मशीनवर तो भाग नव्याने लिहिला. पूर्ण यादी काढायची, निरुपयोगी पत्ते गाळायचे आणि उरलेल्यांतून जिथे डबे खरंच उत्तर देतात तो घ्यायचा. मला आणून दिला, "मॅडम, तोडून दाखवा." मी जीव तोडून प्रयत्न केला. केबली उपटल्या, वायफाय चालू-बंद केलं, नवऱ्याचा फोन जोडला, मुलाचा टॅब जोडला. नाही तुटलं. मी तसं लेखी दिलं. टिपणिसांनी पाहिलं न पाहिलं आणि म्हणाले, "एका ओळीचं काम आणि हिने पानभर लिहिलंय. साधं ठेवा!" मी दुसऱ्यांदा लेखी दिलं. 'ठीक चालले आहे' असा शेरा मारून परत आलं. गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय.

मग तळोज्याचं झालं.

तळोज्याला हमीदभाई मुकादमांचं कोल्ड स्टोरेज होतं. रायगडच्या किनाऱ्यावरचं घराणं, पिढ्यानपिढ्या मासळीचा धंदा. तिथली यंत्रणा जागृतीने बसवली होती, नियमाप्रमाणे शांतीबिंती करून, आणि महिनाभर सगळं व्यवस्थित चाललं. एके दिवशी त्यांचं इंटरनेट बंद पडलं. मॅनेजरला मालाचे कागद पाठवायचे होते, म्हणून त्याने आपला मोबाइल केबलने कॉम्प्युटरला जोडला आणि फोनचं नेट वापरलं. सगळेच वापरतात. फोन तसाच जोडलेला असताना दुपारी लाइट गेली आणि आली. कॉम्प्युटर परत सुरू झाला, प्रोग्रॅम परत सुरू झाला, त्याने यादी मागितली. आता यादीत सगळ्यात वर त्या मोबाइलचा पत्ता होता. प्रोग्रॅमने तो उचलला आणि डब्यांना दिला. डब्यांचा आणि मोबाइलचा काय संबंध? ते बिचारे भलतीकडेच तापमान पाठवत राहिले.

तरी पडदा रिकामा दिसला असता तर मॅनेजर उठून बघून आला असता. पण तिथे टिपणिसांची आणखी एक मेहरबानी होती. नवा आकडा आला नाही तर आधीचा साठवलेला जुनाच दाखवत राहायचं. "ग्राहकाला उगाच घाबरवायचं नाही." म्हणून पडदा हिरवागार, उणे अठरा. आणि आत लाइटच्या झटक्याने एका खोलीचा कॉम्प्रेसर बंद पडलेला. मॅनेजर अधूनमधून पडद्याकडे बघत होता आणि निर्धास्त होता. दुसऱ्या दिवशी वास बाहेर आला तेव्हा कळलं. खोलीभर सुरमई आणि कोळंबी, सगळी गेली.

हमीदभाई त्या मॅनेजरला घेऊन आणि तो कॉम्प्युटर गाडीच्या डिकीत घालून आमच्या ऑफिसात आले. पांढरी दाढी, आवाज बसलेला. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "आमी मासली विकतो, कॉम्प्युटर नाय. तुमी बोल्ले हा पडदा बगा, आमी पडदा बगितला. मेलेली मासली दुसऱ्यांदा मारली तुमी लोकांनी. कुनी केलं हे, मला त्याचं तोंड बगायचंय."

जयेशभाईंनी टिपणिसांकडे बघितलं. टिपणीस सावकाश उठले, शर्ट सारखा केला आणि म्हणाले, "आपल्याकडील इन्स्टॉलेशन कुमारी घरत यांनी केलं होतं. शांती नीट झालेली दिसत नाही."

मी आयुष्यात पुष्कळ हलकट माणसं बघितली, पण इतक्या शुद्ध मराठीत हलकटपणा करणारा हा एकच.

जागृतीचा चेहरा उतरला. तिचं प्रोबेशन त्याच महिन्यात संपत होतं. आणि नोकरी जाण्याचं एवढं नसतं आमच्याकडे. या कंपनीतून त्या कंपनीत माणसं उड्या मारतच असतात. पण जाताना जे रिलीव्हिंग लेटर मिळतं ते पुढचा प्रत्येक जण मागतो. त्यात 'निष्काळजीपणा' असा एक शब्द आला की पोरगी संपली. पहिल्याच नोकरीत आला तर विचारूच नका. तिच्या गावातल्या पोरींमध्ये ती पहिली इंजिनियर होती. ते तिचं ती कधी बोलायची नाही, पण तिची आई एकदा डबा द्यायला आली होती, ती तेवढंच बोलत होती.

मी म्हटलं, "जयेशभाई, हा दोष मी दोनदा लेखी दिलाय."

"जाधवबाई, तुम्हाला कुणी विचारलंय का?" टिपणीस म्हणाले.

जागृतीने मॅनेजरकडून त्या दिवशीच्या फोनचं आधीच काढून घेतलं होतं. तिने हमीदभाईंचा कॉम्प्युटर टेबलावर ठेवला, जोडला, मॅनेजरकडे हात केला. "भाऊ, तुमचा फोन द्या. त्या दिवशी लावला तसा लावा." मॅनेजरने लावला. तिने चार ओळी लिहिल्या आणि मशीनच्या सगळ्या पत्त्यांची यादी पडद्यावर आली. भलीमोठी. हमीदभाई पुढे वाकले.

"एवढे पत्ते? एका मशीनला?"

"हां चाचा. ह्यातला एकच डब्यांच्या कामाचा हाय." मग ती टिपणिसांकडे वळली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "सर, तुमी सांगा. कुठला?"

मी त्यांच्याकडे बघत होते. सगळेच बघत होते. माणसाने निदान यादी वाचल्याचं नाटक तरी करावं! टिपणिसांनी चष्मा वर केला, बोट पुढे केलं आणि पहिल्या ओळीवर ठेवलं.

"भाऊ, फोन काढा," जागृती म्हणाली. मॅनेजरने केबल ओढली. तिने यादी परत काढली. टिपणिसांचं बोट तिथेच होतं, त्याच्या खालचा पत्ता गेला होता.

 हमीदभाईंनी टिपणिसांकडे बराच वेळ बघितलं. मग जयेशभाईंना म्हणाले, "हे नीट करून द्या. सोमवारपर्यंत. नायतर तुमचे डबे काढून गेटबाहेर फेकतो." आणि गेले.

मला वाटलं, झालं, सत्याचा विजय वगैरे. इतकी वर्षं नोकरी करून मी एवढी बावळट कशी राहिले कोण जाणे! दुसऱ्या दिवशी सकाळी जयेशभाईंनी जागृतीला आत बोलावलं. काचेची केबिन, बोलणं ऐकू येत नव्हतं, पण ते आधी हात जोडत होते आणि मग हात झटकत होते. बाहेर आली तेव्हा तिने मला सांगितलं. तिला कमी केलं होतं. कारण एक, क्लायंटसमोर सीनियरचा पाणउतारा केला. कारण दोन, हमीदभाईंना काहीतरी लेखी द्यायला लागणार होतं, आणि त्यात टिपणिसांचं नाव घातलं तर बाकीचे सगळे कोल्ड स्टोरेजवाले विचारत येतील की आमच्याकडेही याच माणसाचा प्रोग्रॅम आहे ना. म्हणून त्यात नाव तिचं, आणि तिच्या रिलीव्हिंग लेटरमध्ये निष्काळजीपणा. आणि लेटर लिहिणार कोण? तर टेक्निकल हेड.

मी तरातरा जयेशभाईंकडे गेले. "बेन, टेन्शन नको घेऊ," ते म्हणाले. "मुलगी हुशार हाय, तिला कुठेपन मिळेल." मी म्हटलं, "असं लेटर घेऊन कुठे मिळेल ते एकदा दाखवाच मला." त्यांनी फोन कानाला लावला. फोन वाजलाच नव्हता.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला ऑफिस रिकामं व्हायला लागलं. जागृती टेबल आवरत होती, मी तिच्यासाठी थांबले होते. तेवढ्यात टिपणीस आले. हातात तिचं लेटर. इकडे तिकडे बघितलं, मी होते, पण मला ते माणसात धरत नव्हते. एक खुर्ची ओढली आणि तिच्या टेबलाजवळ बसले. इतक्या वर्षांत ते कुणाच्या टेबलाशी जाऊन बसल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"ते तुझं जे आहे," ते म्हणाले, "ते यादीचं. ते मला एकदा सांग."

जागृती टेबल आवरत राहिली.

"सोमवारी तळोज्याला मला जावं लागणार आहे. जयेशभाई म्हणाले. आता दुसरं कोणी नाही." मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "मूळचं ते मी लिहिलेलं नाही. जुन्या कंपनीत एकाने दिलं होतं. एवढी वर्षं चाललं."

मी मनात म्हटलं, अरे वा! म्हणजे ती एक ओळसुद्धा यांची नव्हती. जिच्यासाठी माणसांवर डोळे वटारले, मासळी सडवली, पोरीची नोकरी घेतली, ती उसनी होती.

"तू सांगितलंस तर," टिपणीस म्हणाले, "मी यातलं ते वाक्य काढून टाकतो."

लाज कशाशी खातात ते या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या ओठांवर शिवी आली होती. पण जागृतीने माझ्याकडे बघून मान हलवली.

"सर, आदी वाक्य काढा. प्रिंट द्या, सही करा. मंग सांगते."

टिपणिसांनी हातातल्या लेटरची घडी घातली. मग उठले, आपल्या जागेवर गेले, टाइप केलं. प्रिंटर घरघरला. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि कागद आणून तिच्या हातात दिला. जागृतीने पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला. मला दिला, मीही वाचला. स्वच्छ होता. तिने तो फाइलमध्ये घातला, फाइल बॅगेत घातली आणि चेन लावली.

मग खरंच सांगायला बसली. मी तिच्या जागी असते तर 'नमस्कार' म्हणून निघून गेले असते. ती नाही गेली. कबूल केलं होतं म्हणून बसली आणि लहान मुलाला सांगतात तसं सांगितलं.

"हे बगा सर. मशीनला विचारायचं, तुज्याकडं जोडन्या कोनकोनत्या. ते सगल्या सांगेल. मंग एकेक घ्यायची. बंद हाय? सोडायची. स्वतःशीच बोलते? सोडायची. फोनची हाय? सोडायची. ज्या उरल्या, त्या प्रत्येकीला हाक मारायला लावायची, 'डबे हाव का रे?' जिच्यावर डब्यांची ओ येल, तिचा पत्ता घ्यायचा. कुनीच ओ नाय दिली तर पडद्यावर लाल करायचं. खोटा आकडा ठेवायचा नाय."

टिपणीस एका कागदावर लिहून घेत होते. मधे पेन थांबलं. "आणि मग पहिला कधी घ्यायचा?"

जागृतीने त्यांच्या कागदाकडे बघितलं.

"कधीच नाय, सर."

त्यांनी तेही लिहून घेतलं. तिने परत एकदा सगळं सांगितलं, स्क्रीनवर करून दाखवलं, यादीतला कुठला का गाळला ते बोट ठेवून दाखवलं. मला पाठ झालं. मग तिने विचारलं, "समजलं ना सर?"

"समजलं," टिपणीस म्हणाले.

समजलं नव्हतं. इतकी वर्षं लोकांची तोंडं वाचून मी पगार घेतलाय, मला कळतं. जागृतीलाही कळलं. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग बॅगेकडे बघितलं. तिला तिसऱ्यांदा सांगता आलं असतं. मला वाटतं क्षणभर तिच्या मनात आलंही. मग तिने बॅग खांद्याला लावली आणि म्हणाली, "चला मॅडम, माजी बस जाईल."

त्यानंतरही टिपणीस त्या कंपनीत होते, मीही काही दिवस होते, रोज दिसायचे. पण मला ते आठवतात त्या संध्याकाळचे. दारातून मी मागे वळून बघितलं तेव्हा ते जागृतीच्या खुर्चीत सरकून बसले होते. एका हातात तो कागद, समोर पडद्यावर ती लांबलचक यादी. एकेका ओळीवर पेन टेकवत होते, ओठ हलत होते, आणि मधेच वर बघत होते, की कुणाला विचारावं. विचारायला ऑफिसात कुणी उरलं नव्हतं. मला कीव आली का? नाही आली. मी दार ओढून घेतलं आणि जागृतीच्या मागोमाग जिना उतरले.